घोट्याचा जमाखर्च

गणेश विसर्जन उरकून नवरात्राचे वेध लागले की पुण्यातील पहाट वेगळी दिसू लागते. लॉ कॉलेज रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात, रेसकोर्सभोवती आणि तळजाईच्या पठारावर साडेपाचच्या अंधारातच पावले वाजू लागतात. १९८३ मध्ये सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनने डिसेंबर हा महिना धावण्याशी जोडून टाकला आणि आता तर थंडीचे चारही महिने कुठे ना कुठे एखादी शर्यत असतेच. पूर्वी अशा शर्यतींत लष्करातील जवान आणि महाविद्यालयीन खेळाडू दिसत. आज त्यांच्यासोबत पेढी सांभाळणारे व्यापारी, बँकेतील अधिकारी, मुले मोठी झाल्यावर प्रथमच स्वतःसाठी तासभर काढणाऱ्या गृहिणी आणि साठी ओलांडलेले आजोबाही असतात. त्यांतील अनेकांना धावण्याने खरोखर काही दिले आहे. कोणाची साखर आटोक्यात आली, कोणाची झोप परतली, कोणाला पन्नाशीत नवे मित्र मिळाले.

याच हंगामात अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. घोटा दुखतो. पाय मुरगळलेला नसतो, पडझड झालेली नसते, सूजही फारशी दिसत नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावले टाकताना टाचेमागे ओढ बसते, धावायला लागल्यावर ती कमी होते आणि संध्याकाळी जिना उतरताना पुन्हा डोके वर काढते. “काहीच झाले नाही, तरी दुखते,” असे सांगताना रुग्णाच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा गोंधळ अधिक असतो. त्यामागे एक भीतीही असते. डॉक्टर ‘धावणे बंद करा’ म्हणाले, तर गेल्या दोन वर्षांत कमावलेले सारे हातचे जाईल, ही ती भीती. म्हणून दुखणे घरातही लपवले जाते आणि डॉक्टरांकडे जाणे शर्यतीनंतरवर ढकलले जाते.

काहीच झाले नाही, हे मात्र खरे नसते. साधा हिशेब मांडून पाहावा. मध्यम गतीने धावणारा मनुष्य दहा किलोमीटर अंतर सुमारे पासष्ट मिनिटांत कापतो. मिनिटाला १६५ पावले धरली, तर एकूण पावले पावणे अकरा हजारांच्या आसपास जातात, म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला पाच हजारांहून अधिक. प्रत्येक पाऊल टेकताना जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट धक्का येतो. पोटरीला टाचेशी जोडणारी जी जाड कंडरा असते, जिला वैद्यकात अकिलीस म्हणतात, तिच्यावर धावताना वजनाच्या सहा ते आठ पट ताण पडतो. साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत हा ताण प्रत्येक पावलाला चार क्विंटलांच्या घरात जातो. पाच हजार वेळा चार क्विंटल, आणि हे आठवड्यातून चार दिवस.

निसर्गाने ही कंडरा तेवढीच भक्कम बनवली आहे. शरीरात तिच्याइतकी जाड आणि बळकट दुसरी कंडरा नाही. अडचण असते ती दुरुस्तीच्या वेगाची. सराव सुरू केल्यावर हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांतच सुधारतात. धाप कमी लागते, वेग वाढतो, उत्साह दुणावतो. कंडरेत रक्तवाहिन्या थोड्या, त्यामुळे तिची बांधणी संथ असते आणि तिला बळकट व्हायला महिने लागतात. हाडाचे वागणे तर आणखी विचित्र. नवा ताण पडला की ते प्रथम जुना, झिजलेला भाग काढून टाकते आणि त्यानंतर नवा भरते. घराची डागडुजी करताना आधी भिंत खरवडावी लागते, तसेच हे. काढणे लवकर होते, भरणे सावकाश, आणि मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षाही कमकुवत असते. नेमक्या त्याच वेळी, सरावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, धावणाऱ्याला आपण आयुष्यात कधी नव्हतो इतके तंदुरुस्त आहोत असे वाटत असते आणि तो आठवड्याचे अंतर एकदम दीडपट करतो. छाती जमा दाखवत असते, घोटा उधारीवर चाललेला असतो.

या संदर्भात पुण्याच्याच इतिहासातील एक प्रसंग आठवण्यासारखा आहे. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांच्या वेळी संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी खेड्यांतून आलेल्या शेतकरी तरुणांना लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावताना पाहिले. कोणतेही शास्त्रशुद्ध शिक्षण नसताना त्यांनी दिलेल्या वेळा पाहून टाटा थक्क झाले आणि हे धावपटू ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना तेथे रुजली. पुढील वर्षी बेल्जियममधील अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. अलीकडे अनवाणी किंवा अगदी पातळ तळव्याच्या बुटांत धावण्याची जी हौस पसरली आहे, तिचे समर्थक अशी उदाहरणे आवडीने देतात. ते एक गोष्ट विसरतात. त्या तरुणांच्या पायांनी चालायला लागल्यापासून नांगरट, डोंगरवाट आणि बाजाराची पायपीट केली होती. वीस वर्षे गादीवर किंवा खुर्चीत बसलेल्या पायाने एका महिन्यात त्यांची बरोबरी करू पाहणे म्हणजे भांडवल नसताना मोठी उचल घेणे होय. पातळ बुटांत टाच खाली येते, पोटरी आणि कंडरा अधिक ताणली जाते. बूट बदलायचेच असतील तर ते दोन-तीन महिन्यांत, थोड्या थोड्या अंतराने बदलावेत.

आणि लहानपणापासूनची अशी पुंजी असूनही घोटा दगा देऊ शकतो, हे महाराष्ट्राने आपल्या काळातही पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पायपीट करत, धावत वाढला. पुढे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचेनची थंडी आणि राजस्थानची वाळू त्याने अनुभवली. त्यानंतर तो धावण्याकडे वळला आणि तीन हजार मीटर स्टीपलचेस हा त्याचा खेळ ठरला. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यातील ७ उड्या असतात, म्हणजे घोट्याची परीक्षाच. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याला जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेसाठी पात्र ठरता आले नाही. तेवीस वर्षांच्या खेळाडूसाठी चार वर्षांतून एकदा येणारी संधी हुकणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरअखेर भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने या शर्यतीतील ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन ६१ मिनिटांच्या आत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय ठरला, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य मिळाले आणि २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्णही. ज्या स्पर्धेला तो पूर्वी मुकला होता, त्याच स्पर्धेचे ते सुवर्ण होते.

साबळेच्या पाठीशी सैन्य होते, प्रशिक्षक होते. हौशी धावपटूला आपला घोटा बहुधा स्वतःच वाचावा लागतो, आणि त्यासाठी वेदना किती आहे यापेक्षा ती नेमकी कुठे आहे हे पाहणे महत्त्वाचे असते. घोटा हे एक नाव असले तरी तेथे अनेक बिऱ्हाडे राहतात.

टाचेच्या वर, मागच्या बाजूला दोन-चार बोटांच्या अंतरावर चिमटीत धरल्यावर दुखत असेल आणि सकाळी ताठरपणा असेल, तर बहुधा अकिलीस कंडरेचा प्रश्न असतो. घोट्याच्या आतल्या हाडामागे, तळपायाच्या कमानीकडे दुखत असेल, तर कमान उचलून धरणारी कंडरा थकलेली असते. सपाट पायांच्या व्यक्तींत आणि चाळिशीनंतरच्या स्त्रियांत हे अधिक आढळते. त्या पायावर एकट्याने उभे राहून टाच उचलता येत नसेल, तर ते दुखणे अंगावर काढू नये. उपचार लांबले तर कमान कायमची बसते. बाहेरच्या बाजूचे दुखणे अनेकदा रस्त्याची देणगी असते. आपले रस्ते पाणी वाहून जाण्यासाठी मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेने धावणाऱ्याचे एक पाऊल सतत तिरके पडते. मैदानाच्या मातीवर किंवा रहदारी नसलेल्या सपाट आवारात धावून पाहिल्यास हे दुखणे काही दिवसांत निवळते का, तेही कळते. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या पदपथांबद्दल पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

चौथा प्रकार मात्र वेगळा आणि गंभीर आहे. हाडावर एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच ठिकाणी कळ येते. धावू लागल्यावर दुखणे कमी होत नाही, वाढत जाते. पुढे चालतानाही आणि रात्री झोपेतही ते जागे राहते. एका पायावर हलकी उडी मारवत नाही. अशा वेळी हाडाला केसाएवढी चीर पडलेली असू शकते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती अनेकदा दिसतच नाही. “एक्स-रे नॉर्मल आहे, मग धावायला काय हरकत?” असा निष्कर्ष काढून पुष्कळांनी बारीक चिरेचे मोठे मोडणे करून घेतले आहे. लक्षणे अशी असतील तर डॉक्टरांशी बोलून एमआरआय करून घ्यावा आणि तोवर धावणे पूर्ण थांबवावे.

येथेच या विषयाचे मर्म आहे. घोट्याच्या दुखण्यावर घरोघरी दोनच सल्ले मिळतात. वडीलधारे म्हणतात, पूर्ण विश्रांती घे. धावणारे मित्र म्हणतात, दुखण्याकडे लक्ष देऊ नकोस, धावता धावता बरे होते. दोन्ही सल्ले अर्धे खरे आहेत आणि चुकीच्या जागी दोन्ही नुकसान करतात. हाडाला विश्रांती लागते, तेथे मित्रांचे ऐकणे धोक्याचे. कंडरेला मात्र मोजके काम लागते. सहा आठवडे नुसते पडून राहिल्यास वेदना थांबते, पण कंडरा आणखी अशक्त होते आणि पुन्हा धावायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणे तेथेच उभे असते.

कंडरेला काम लागते हे कळण्यामागे एक गमतीदार हकीकत सांगितली जाते. स्वीडनमधील उमेओ येथील शल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच अकिलीस कंडरा दुखत होती. त्यांना शस्त्रक्रिया हवी होती, वरिष्ठ ती करायला तयार नव्हते. मग कंडरा पुरती बिघडली म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा हट्टाने त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. काही आठवड्यांत कंडरा बिघडण्याऐवजी बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरील अनुभव प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांच्या व्यायामानंतर ते सर्व धावण्याकडे परतले होते.

व्यायाम घरच्या जिन्यावर करता येतो. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठड्याला धरून दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या. मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच अगदी सावकाश पायरीच्या पातळीखाली उतरवायची आणि पुन्हा दोन्ही पायांनी वर यायचे. असे पंधरा वेळा, तीन फेऱ्यांत. प्रथम गुडघा सरळ ठेवून, नंतर किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. हे जमू लागल्यावर पाठीवर पिशवी घेऊन वजन वाढवायचे. नंतरच्या अभ्यासांत आठवड्यातून तीनदा जड वजनाने सावकाश केलेला व्यायामही तितकाच उपयोगी आढळला, त्यामुळे रोज वेळ नसणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. दुखणे टाचेच्या हाडाला अगदी चिकटून असेल तर टाच पायरीखाली न नेता जमिनीवरच व्यायाम करावा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत तपासून घेतलेली बरी.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. शून्य ते दहा अशा मापात पाचपर्यंतची वेदना चालते, मात्र ती दुसऱ्या सकाळपर्यंत उतरली पाहिजे. दुसऱ्या दिवशीची पहिली चार पावले हाच खरा अहवाल. ताठरपणा कालच्यापेक्षा वाढला असेल तर काल जास्त झाले, एवढा साधा अर्थ. हा नियम कंडरेपुरता आहे, हे पुन्हा लक्षात ठेवावे.

औषधांविषयी थोडी सावधगिरी लागते. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची प्रथा घातक आहे. गोळी इशारा बंद करते, इजा बंद करत नाही, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर तिचा भार पडतो. अकिलीस कंडरेजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास कंडरा तुटण्याचा धोका असतो. सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट ही, की सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके, जी पोटाच्या किंवा लघवीच्या संसर्गासाठी आपल्याकडे सर्रास दिली जातात, त्यांमुळे कंडरा दुखावू शकते, क्वचित तुटूही शकते. साठीनंतर आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. असे औषध सुरू असताना घोटा दुखू लागला तर धावणे थांबवून डॉक्टरांना लगेच कळवावे. तसेच घोटा लाल, गरम होऊन एका रात्रीत सुजला तर दोष धावण्याला देऊ नये. ते यूरिक अ‍ॅसिडचे किंवा संसर्गाचे लक्षण असू शकते.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे, तो आहाराचा. डिसेंबरच्या शर्यतीसाठीचा सराव ज्या आठवड्यांत वाढू लागतो, त्याच सुमारास पर्युषण येते. अठ्ठाई किंवा सलग उपवास करणाऱ्याने त्या दिवसांत धावू नये आणि पारण्यानंतर किमान दोन आठवडे अंतर निम्मे ठेवावे. हाड आणि कंडरा रोज झिजतात व रोज भरल्या जातात. भरण्याचे साहित्य अन्नातूनच यावे लागते. चौविहार पाळणाऱ्याने संध्याकाळी धावणे टाळलेले बरे, कारण धावून आल्यावर पोट रिकामेच राहते. उलट नवकारशी करणाऱ्याला पहाटेचे धावणे सोयीचे पडते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंड उघडायचे असते आणि साधारण त्याच वेळी धाव संपवून घरी येणे होते. मग मात्र चहा-खाखऱ्यावर भागवू नये. मूग, मटकी, हरभरा, दूध, पनीर यांतून प्रथिने मिळावीत. शाकाहारी माणसाने वर्षातून एकदा ब१२ आणि ड जीवनसत्त्वांची तपासणी करून घ्यावी. पहाटेच्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही, आणि ब१२ कमी झाले की पायाला बधिरता येऊन पाऊल वेडेवाकडे पडते. धावण्याबरोबर वजन झपाट्याने उतरले आणि तरुण मुलीची पाळी अनियमित झाली वा थांबली, तर आईने कौतुक बाजूला ठेवून तिला डॉक्टरांकडे न्यावे. कमी अन्नावर चाललेल्या शरीरात हाडाच्या चिरा याच टप्प्यावर पडू लागतात.

परतीचा मार्ग कंटाळवाणा असतो. अर्धा तास भरभर चालूनही दुखले नाही की एक मिनिट हलके धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याचा भाग थोडा वाढवायचा. आधी अंतर, मग वेग, आणि चढ सर्वांत शेवटी. वेताळ टेकडी आणि सिंहगड पळून जात नाहीत. मधल्या काळात दम टिकवण्यासाठी सायकल आणि पोहणे आहेच. घरच्यांनीही या काळात “झाले का तुझे मॅरेथॉन?” असे टोमणे आवरावेत, कारण धावणाऱ्याला लपूनछपून धावायला लावण्यात घोट्याच्या शत्रूंपेक्षा या टोमण्यांचा वाटा मोठा असतो.

शर्यतीचे शुल्क भरलेले असते, छातीवर लावायचा क्रमांकही मिळालेला असतो. ऑक्टोबरअखेर घोटा अजून बोलत असेल, तर डिसेंबरची पूर्ण मॅरेथॉन सोडून फेब्रुवारीतली दहा किलोमीटरची शर्यत निवडावी. एका पायावर उभे राहून सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता आली, दोन्ही पायांत फरक वाटला नाही आणि सकाळची पहिली चार पावले आवाज न करता पडली, की मग नवी नोंदणी करायला हरकत नाही.